पोलिसांच्या वायरलेसला कुलूप

अमेरिकेत पोलिसांचा वायरलेस ऐकायचं यंत्र, म्हणजे स्कॅनर, कोणीही ऑनलाइन मागवू शकतो, घरी लावू शकतो, दिवसभर ऐकत बसू शकतो. हे भारतातल्या नातेवाइकांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अरे, पकडत नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरत आलं. अगदी मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींवर नियमावली काढावी लागली. पोलिसांचं बोलणं हे पोलिसांचं, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

इथे अमेरिकेत गाडी उलट्या बाजूने सुरू झाली. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या लहरी घरगुती रेडिओच्या पट्ट्याला अगदी खेटून होत्या. काटा थोडा पुढे सरकवला की गाण्यांच्या जागी चोरीची वर्दी ऐकू यायची. पुढे रेडिओ कंपन्यांनी तबकडीवर त्या जागी 'पोलीस' असं छापायलाच सुरुवात केली आणि लोक जेवण झाल्यावर करमणूक म्हणून ते ऐकू लागले. न्यू यॉर्कचा वीजी हा छायाचित्रकार पोलिसांच्याच परवानगीने गाडीत त्यांचा रेडिओ बसवून हिंडायचा आणि बरेचदा रुग्णवाहिकेच्या आधी पोचायचा. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने, सर्वसामान्यांना सहज ऐकू येणारं पोलीस आणि अग्निशमन दलाचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्पष्ट मुभा दिली. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायला बंदी आहे, न्यू यॉर्क त्यातलंच एक. गुन्हा करताना वापरलात तर ते वेगळं कलम. मोबाइल फोनच्या जुन्या लहरी १९९४ पासून स्कॅनरमधून काढून टाकाव्या लागल्या. बाकी कान उघडे ठेवायला हरकत नव्हती.

ती मुभा कायद्याच्या पुस्तकात आजही आहे. व्यवहारातून मात्र ती गेल्या काही वर्षांत झपाट्याने चालली आहे, आणि ती काढून घेण्यासाठी कुठल्याही विधिमंडळात मतदान व्हावं लागलं नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

डिजिटल स्कॅनर प्रोग्राम करायला बसलं की हे डोळ्यांनी दिसतं. जुन्या यंत्रात एक लहर भरली की काम झालं, पोलीस एका लहरीवर, बंब दुसऱ्या. आता मोठ्या गावांत 'ट्रंकिंग' असतं. कुठलीच लहर कोणाच्या मालकीची नसते. एका कंट्रोल चॅनलवर संगणक सतत आकडे ओकत असतो. शिपायाने बटण दाबलं की तो संगणक त्या क्षणी मोकळी असलेली एखादी लहर त्याच्या गटाला देतो, बोलणं संपलं की परत घेतो. त्या गटाला म्हणतात टॉकग्रुप. म्हणून स्कॅनरमध्ये आधी काउंटी, म्हणजे जिल्हा, मग सिस्टीम, मग आपल्या जवळच्या टॉवरचे कंट्रोल चॅनल आणि शेवटी टॉकग्रुपचे आकडे भरायचे. एकच संदेश चार टॉवरवरून एकाच वेळी सुटत असेल तर साधी यंत्रं गडबडतात, आवाज चिरकतो. त्यासाठी युनिडेनचं एसडीएस १०० सारखं महागडं यंत्र घ्यावं लागतं. नाहीतर टीव्ही पकडण्यासाठी बनलेली, तीस-चाळीस डॉलरची यूएसबी कांडी लॅपटॉपला लावायची आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम भागवायचं. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून देशभरातल्या टॉकग्रुपच्या याद्या बनवल्या आहेत. प्रत्येक नावापुढे एक खूण असते: 'डी' म्हणजे डिजिटल. त्याला 'ई' चिकटलेला असला की समजायचं, हा बंद. स्कॅनर तिथे पोचला की पडद्यावर 'ईएनसी' ही तीन अक्षरं येतात आणि यंत्र गप्प पुढे सरकतं.

पालिकेच्या कचरागाड्या, पाणीपुरवठा, ड्रेनेजवाले, रस्त्यावरचे दिवे बदलणारे हे सगळे त्याच सिस्टीमवर असतात आणि बहुधा उघडे असतात. कुठल्या गल्लीत गटार तुंबलंय याची खडान् खडा माहिती मला मिळू शकते. बंदुका घेऊन फिरणाऱ्या खात्याचा ठावठिकाणा तेवढा मिळत नाही.

इथे एक गोंधळ जाणूनबुजून पसरवला जातो. पत्रकार परिषदेत सांगतात की आमची यंत्रणा जुनी झाली, आम्ही डिजिटल झालो, म्हणून आता ऐकू येत नाही. हे खरं नाही. अमेरिकेत पोलीस-अग्निशमनासाठी जे डिजिटल मानक चालतं, त्या 'प्रोजेक्ट २५'चं काम १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्यात एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय कळू नये असं बोलणं कुलूपबंद करणं, ही ऐच्छिक सोय आहे. हवी तर चालू करा, नको तर नका करू, एका टॉकग्रुपवर करा, दुसऱ्यावर नका करू. डिजिटल स्कॅनर बनले तेच मुळी डिजिटल बोलणं ऐकण्यासाठी, आणि ते काम ते उत्तम करतात. यंत्रणा आधुनिक करणं हा इंजिनिअरांचा निर्णय झाला. बोलणं लोकांपासून झाकणं हा धोरणाचा निर्णय आहे, आणि तो खरेदीच्या टेंडरमध्ये एका ओळीत उरकला जातो. न्यू यॉर्कच्या पोलीस खात्याने २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनपासून वायरलेस बंद करायला सुरुवात केली, सुमारे ३९ कोटी डॉलरच्या नव्या यंत्रणेचा भाग म्हणून. नगर परिषदेने त्यावर सुनावणी घेतली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे बरीच ठाणी मुकी झाल्यावर.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते पोकळ नाही, म्हणून नीट बघायला हवं.

पहिला मुद्दा सुरक्षेचा, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. २६/११ ला ताज आणि नरिमन हाउसबाहेर कॅमेरे लावून वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालपत्रात वाहिन्यांना त्याबद्दल खडसावलं, ते योग्यच केलं. मुंबईतल्या त्या तीन रात्री ज्यांनी बघितल्या, त्यांच्यासमोर 'लोकांना सगळं थेट ऐकू द्या' असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं माझं म्हणणंही नाही. घराला वेढा घातलाय, ओलीस आहेत, विशेष पथक जिन्यावर आहे, अशा वेळचा संवाद बंदच हवा. तो अमेरिकेत कित्येक वर्षांपासून वेगळ्या, बंद चॅनलवर चालतोही. त्याला कोणी शहाणा माणूस हरकत घेत नाही. वाद आहे तो रोजच्या डिस्पॅचचा, म्हणजे कंट्रोल रूममधून गाड्यांना सुटणाऱ्या सूचनांचा: अमुक चौकात अपघात, तमुक रस्त्यावर मारामारी, दोन गाड्या पाठवा. कमांडो कारवाईचं कारण पुढे करून हेही झाकायचं, ही लबाडी आहे.

बॉस्टनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनमधल्या स्फोटानंतर संशयितांचा पाठलाग चालू असताना हजारो लोक इंटरनेटवरून पोलिसांचा वायरलेस ऐकत होते आणि ऐकलेलं ट्विटरवर टाकत होते. झडती चालू असलेल्या घरांचे पत्ते जाहीर करू नका, असं पोलिसांना ट्विटरवरूनच विनवावं लागलं. त्याच रात्री एका बेपत्ता, भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून पसरलं. 'पोलीस स्कॅनरवर ऐकलं' असा हवाला होता. त्या मुलाचा घातपाताशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी त्या दिवसांत जे सोसलं, त्याला माफी नाही. ही गोष्ट इथवर सांगून लोक थांबतात. पुढचा भाग असा की नंतर पत्रकारांनी त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण तपासलं, तर ते नाव पोलिसांनी रेडिओवर उच्चारल्याचं कुठेच सापडलं नाही. कोणीतरी 'स्कॅनरवर ऐकलं' अशी थाप मारली आणि बाकीच्यांनी खात्री न करता पुढे ढकलली. ती थाप उघडी पडली, कारण तपासायला मूळ आवाज उपलब्ध होता. वायरलेस बंद असता तर अफवा पसरली असतीच, अफवांना स्कॅनर लागत नाही, व्हॉट्सॲप पुरतं. खोडून काढायचं साधन मात्र नसतं.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. इथे मी पोलिसांच्या बाजूने आहे. जे कधीच ऐकत नाहीत त्यांना कल्पना नसते की उघड्या वायरलेसवर काय काय येतं. गाडी थांबवली की चालकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर. कोणाच्या घरात मुलाने गोळ्या खाल्ल्या, कोणाची आई रस्ता विसरून फिरते आहे, कोणत्या घरात नवऱ्याने हात उचलला, सगळं घर नंबरासकट. शेजाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. पहिल्यांदा कुतूहल वाटतं, मग लाज वाटते. वाटत नसेल तर त्या माणसाने स्कॅनर ऐकू नये.

ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने नेमका हाच धागा पकडून राज्यातल्या पोलीस खात्यांना कळवलं की लोकांची वैयक्तिक माहिती, लायसन्सचे तपशील, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास हे उघड्या रेडिओवर बोलता येणार नाही. मार्ग दोन दिले होते. एक, सगळंच एन्क्रिप्ट करा. दोन, तसं धोरण बनवा की ही माहिती उघड्या चॅनलवर बोललीच जाणार नाही. बऱ्याच खात्यांनी पहिला मार्ग धरला, कारण तो सोपा होता आणि दुसरीही सोय होत होती. त्याच राज्यातल्या पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये वायरलेस बंद केला. स्थानिक वार्ताहर ओरडले, नगरसेवकांनी प्रश्न विचारले, दीड वर्ष गेलं. मग प्रमुख बदलले. अँड्र्यू बाइंडर आले आणि त्यांनी सप्टेंबर २०२२ पासून डिस्पॅच पुन्हा उघडा केला. नाव-गाव, लायसन्स हे तपशील शिपायाने गाडीतल्या संगणकावर बघायचे, फोनवर विचारायचे, नाहीतर वेगळ्या चॅनलवर जायचं. बाकी बोलणं नेहमीच्या चॅनलवर. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने तर मुळातच दुसरा मार्ग धरला होता. राज्यभर पसरलेलं एवढं मोठं खातं ४० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या ॲनालॉग लहरींवर उघडपणे बोलत राहिलं आणि महामार्गांवर अनर्थ ओढवला नाही.

म्हणजे खासगीपणा सांभाळायला सगळं झाकावं लागत नाही, हे त्याच राज्यात, त्याच नियमाखाली सिद्ध झालेलं आहे. राज्य सिनेटर जॉश बेकर यांनी हे सगळ्या राज्याला लागू करायचं विधेयक आणलं, ते विधिमंडळात अडकलं. पोलीस संघटनांचा विरोध होता.

पण हा सगळा पत्रकार विरुद्ध पोलीस असा मामला समजू नये. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला स्कॅनर आठवतो तो वणव्याच्या दिवसांत.

८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याशी विजेच्या तारांमुळे आग लागली. आठच्या आसपास ती पॅरडाइज गावात शिरली होती. ८५ माणसं गेली. अधिकृत सूचना कित्येकांपर्यंत पोचल्याच नाहीत. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी लॉस एंजलिसजवळ ईटनची आग लागली. तिथल्या अल्टडिना गावाच्या पूर्व भागाला घरं सोडायच्या सूचना संध्याकाळीच गेल्या. लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला मात्र आदेश निघाला तो पहाटे सव्वातीन उलटून गेल्यावर, तोवर तिथली घरं पेटलेली होती. मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे त्या पश्चिम भागातले, बरेचसे म्हातारे.

अशा रात्री लोक काय करतात? आमच्याकडे आता 'वॉच ड्यूटी' नावाचं ॲप उघडतात. २०२१ मध्ये सोनोमा काउंटीत ते सुरू झालं, ना-नफा संस्था आहे. त्यामागे कुठलीही जादू नाही. निवृत्त बंबवाले, डिस्पॅचर, हौशी लोक चोवीस तास स्कॅनर ऐकत बसतात, ऐकलेलं एकमेकांशी ताडून बघतात आणि नकाशावर टाकतात: आगीने अमुक रस्ता ओलांडला, तमुक भाग रिकामा करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस जळत असताना अर्धं शहर त्याच्या भरवशावर होतं, बंबवालेसुद्धा ते बघत होते. सरकारी सूचना यायला उशीर होतो कारण ती कोणीतरी मंजूर करावी लागते. रेडिओवरचं बोलणं मंजुरीसाठी थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल की अग्निशमनाचा वायरलेस तर बहुतेक ठिकाणी उघडाच आहे. आहे, पण इथे घरं रिकामी करवून घेण्याचं काम शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि पोलिसांचं. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, कुठल्या पुलावर गाड्या अडकल्यात, हे बंबवाल्यांच्या चॅनलवर पूर्ण कळत नाही. आणि ज्या काउंटीत पोलीस, बंब, रुग्णवाहिका सगळे एकाच नव्या सिस्टीमवर आले आहेत, तिथे 'आता त्यांचंही एन्क्रिप्ट करून टाकू' हे म्हणायला फार वेळ लागत नाही.

शिवाय बंद वायरलेस फक्त आपल्यालाच ऐकू येत नाही असं नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही त्या कोणालाच येत नाही, मग तो शेजारच्या गावातून मदतीला धावून आलेला बंबवाला का असेना. ११ सप्टेंबर २००१ ला न्यू यॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तरेचा मनोरा टिकणार नाही, असा इशारा वरून पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दिला होता. तो मनोऱ्याच्या आत असलेल्या अग्निशमनवाल्यांपर्यंत रेडिओवरून पोचू शकला नाही, कारण दोन खात्यांचे रेडिओ एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानंतर सगळ्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून या देशाने अब्जावधी डॉलर ओतले. आता त्याच नव्या रेडिओंमध्ये किल्ल्यांचं व्यवस्थापन नावाचं नवं दुखणं घालून ठेवलं आहे.

तडजोडीचे दोन प्रस्ताव नेहमी पुढे येतात. मला दोन्ही पटत नाहीत. शिकागोने २०२२ मध्ये वायरलेस बंद करताना सांगितलं की इंटरनेटवर ३० मिनिटं उशिराने ऐका. तीस मिनिटांनी ऐकलेलं इतिहासकाराच्या कामाचं. पॅरडाइजला आगीने हातात दिलेला सगळा वेळ दीड तासाचा होता. दुसरा प्रस्ताव असा की फक्त मान्यताप्राप्त पत्रकारांना किल्ली द्यावी. मान्यता देणार कोण? पोलीस. २०१९ मध्ये डेन्व्हरच्या पोलिसांनी वायरलेस बंद केला, तेव्हा वृत्तपत्रांना रेडिओ द्यायची बोलणी झाली आणि ती अटींवरूनच फिसकटली. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच सहीने मिळणारी किल्ली तो वाटेल तेव्हा काढून घेणार. आणि गल्लीतल्या म्हातारीला, स्वयंसेवी रुग्णवाहिकेला, वॉच ड्यूटीच्या निवृत्त बंबवाल्याला कुठलं ओळखपत्र देणार? न्यू यॉर्क राज्यात सिनेटर मायकेल जियानारिस यांच्या विधेयकात निदान पत्रकारांबरोबर स्वयंसेवी आपत्कालीन सेवांनाही जागा होती. २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. डिसेंबरात गव्हर्नर कॅथी होकल यांनी नकाराधिकार वापरला.

गुन्हेगार ऐकतात, हा शेवटचा मुद्दा उरतो. ऐकतात, १९३० पासून ऐकत आलेत, म्हणून तर तेव्हापासून काही राज्यांत गाडीत पोलिसांचा रेडिओ ठेवायला बंदी आहे. २०२० च्या निदर्शनांच्या वेळी शिकागोत कोणीतरी पोलिसांच्या चॅनलवर गाणी वाजवली, हेही खरं. पण ती घुसखोरी होती, ऐकणं नव्हे, आणि तिला कायद्यात वेगळी शिक्षा आहे. नव्वद वर्षं उघड्या वायरलेसवर पोलिसांनी दरोडेखोर पकडलेच. डिस्पॅच झाकल्यामुळे गुन्हे कमी झाले असं दाखवायची जबाबदारी झाकणाऱ्यांची आहे. अमक्या शिपायाचा जीव धोक्यात आला असता, एवढं म्हणून भागत नाही.

इथल्या मराठी मंडळींना माझं सांगणं एवढंच आहे की स्कॅनर घ्या की नका घेऊ, पण आपल्या शहराच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'सार्वजनिक सुरक्षा रेडिओ प्रणाली अद्ययावत करणे' अशी ओळ दिसली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. आपण या सभांना शाळेच्या हद्दी नाहीतर घरपट्टीचा विषय असला तरच जातो. तिथे तीन मिनिटं बोलायला मिळतात, आणि विचारायचं ते फार नाही: डिस्पॅचचा टॉकग्रुप उघडा राहणार का, लायसन्सची चौकशी दुसऱ्या चॅनलवर नेणार का, ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवणार आणि मागितल्यावर किती दिवसांत देणार. हे टेंडर निघण्याआधी विचारावं लागतं. नंतर विचारलं तर 'करार झालाय' असं उत्तर मिळतं. त्यावर पालो आल्टोचं नाव घ्यावं. तिथे चॅनल पुन्हा उघडायला नवे रेडिओ विकत आणावे लागले नव्हते.